इमर्जन्सी गोळी आणि आपल्या मुली : मेडिकलमध्ये काय मिळते, काय विचारतात, कायदा काय म्हणतो

शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये आम्ही वह्या तपासत बसलो होतो. आमची एक जुनी विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली. वय एकोणीस, कॉलेजचे दुसरे वर्ष. निकाह झालेला, रुखसती परीक्षेनंतर ठरलेली. सलाम-दुआ झाली, अम्मीची तब्येत विचारून झाली, तरी ती खुर्चीवर टेकेना. शेवटी पर्समधून एक पाकीट काढून तिने टेबलावर ठेवले आणि हळूच म्हणाली, "टीचर, ही घेऊ का?"

पाकिटात पाच गोळ्या होत्या. एक वेगळी, चार एकसारख्या.

आदल्या दिवसापासून ती तीन मेडिकल फिरली होती. पहिल्या दुकानात मोहल्ल्यातले दोन चाचा बीपीची औषधे घेत उभे होते, म्हणून डोकेदुखीची गोळी घेऊन परत आली. दुसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या पोराने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "चिठ्ठी आणा" म्हणून सांगितले. तिसऱ्या ठिकाणी चिठ्ठी मागितली नाही, काही विचारलेही नाही. भरपूर पैसे घेतले आणि हे पाकीट कागदात गुंडाळून हातात दिले. बिल नाही. या सगळ्यात तीस तास गेले होते.

खरे सांगायचे तर त्या पाकिटातले आम्हालाही काही कळले नाही. आम्ही बीएड झालेलो, दहावीच्या वर्गाला प्रजननाचा धडा दरवर्षी शिकवतो, आकृत्या काढून घेतो, आणि इथे मात्र गप्प. ओळखीच्या एका डॉक्टर बाईंना फोन लावला. त्यांनी पाकिटावरचे नाव वाचायला लावले आणि म्हणाल्या, "ती गर्भपाताची औषधे आहेत, तिला हात लावू देऊ नका. तिला हवी ती वेगळी. एकच गोळी असते, चिठ्ठी लागत नाही." मग आम्ही तिच्यासोबत चौथ्या दुकानात गेलो. पाच मिनिटांचे काम होते.

त्यानंतर या विषयावर जे वाचले, डॉक्टरांना आणि औषधवाल्यांना जे विचारले, ते इथे एकत्र देत आहोत. वाचताना काहींना अवघडल्यासारखे होईल. लिहिताना आम्हालाही झाले.

एक गोळी आणि पाच गोळ्या

इमर्जन्सी गोळी म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल या हार्मोनची १.५ मिलिग्रॅमची एकच गोळी. आय-पिल, अनवाँटेड-७२ ही तिची बाजारातली नावे. सरकारी पुरवठ्यात तीच 'ईझी पिल' नावाने येते. भारतात २००५ पासून ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येते. म्हणजे ज्या पोराने "चिठ्ठी आणा" म्हटले, त्याला नियम माहीत नव्हता, किंवा माहीत असून द्यायची नव्हती.

ती काम कशी करते हे समजले की निम्मे गैरसमज जातात. बाईच्या अंडाशयातून साधारण महिन्यातून एकदा स्त्रीबीज बाहेर पडते. पुरुषाचे शुक्राणू तिच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे संबंध सोमवारी आला आणि बीज गुरुवारी बाहेर पडले, तरी गर्भ राहू शकतो. ही गोळी ते बीज बाहेर पडणे पुढे ढकलते. तोवर शुक्राणू संपून जातात. बस, एवढेच तिचे काम. बीज आधीच बाहेर पडले असेल तर गोळीचा उपयोग होत नाही. गर्भ राहिलेला असेल तर ती तो पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही.

पाच गोळ्यांचे पाकीट ही वेगळी गोष्ट. त्यात एक गोळी मिफेप्रिस्टोनची आणि चार मिसोप्रोस्टॉलची असतात. ही राहिलेला गर्भ पाडण्याची औषधे आहेत, आपल्याकडे नऊ आठवड्यांपर्यंत दिली जातात, आणि १९७१ च्या गर्भपात कायद्याखाली येतात. आधी तपासणी, मग डॉक्टरची देखरेख, नंतर पुन्हा तपासणी. काउंटरवरून कागदात गुंडाळून द्यायची वस्तू ती नव्हे. दिवस गेलेत की नाही हे माहीत नसताना, गर्भ नळीत आहे की पिशवीत हे न बघता कुणी ती घेतली तर रक्तस्राव हाताबाहेर जाऊ शकतो, आणि ते घरात कुणाला सांगता येत नाही म्हणून आणखी वेळ जातो.

या दोन औषधांची गल्लत फक्त गिऱ्हाइकांत नाही, दुकानदारांतही आहे. २०१२ साली बीड जिल्ह्यातल्या परळीचे स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण उघडकीस आल्यावर महाराष्ट्रात गर्भपाताच्या औषधांवर अन्न व औषध प्रशासनाची नजर कडक झाली. पुष्कळ मेडिकलवाल्यांनी ती औषधे ठेवणेच बंद केले. काहींनी "ही सगळी झंझट नको" म्हणून इमर्जन्सी गोळीलाही त्याच डब्यात टाकले. बोलताना आपणही दोघींना "ती गोळी"च म्हणतो. मुलीला नाव माहीत नसते, पोराला फरक माहीत नसतो, आणि दोघांनाही लाज वाटत असते.

तासांचा हिशेब

पाकिटावर ७२ तास लिहिलेले असते. त्यामुळे लोकांना वाटते की तिसऱ्या दिवशी घेतली तरी चालेल. चालते, पण फायदा कमी होत जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा १९९८ सालचा मोठा अभ्यास आहे. त्यात पहिल्या २४ तासांत औषध घेतलेल्यांमध्ये, एरवी जितके गर्भ राहिले असते त्यातले ९५ टक्के टळले. २५ ते ४८ तासांत घेतले तर ८५ टक्के. ४९ ते ७२ तासांत ५८ टक्के. नंतरच्या अभ्यासांत आकडे थोडे खालीवर झाले, पण दिशा तीच: जितक्या लवकर तितके बरे. आमच्या विद्यार्थिनीचा पहिला, सगळ्यात चांगला दिवस तीन काउंटरवर गेला होता.

७२ तास उलटले तरी सगळे संपले असे नाही. पाच दिवसांपर्यंत ही गोळी घेता येते असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, मात्र भरवसा कमी धरावा. पाच दिवसांच्या आत डॉक्टरकडून तांब्याची कॉपर-टी बसवून घेणे हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. शंभरात नव्व्याण्णवपेक्षा जास्त वेळा तो लागू पडतो. मूल न झालेल्या बाईलाही ती बसवता येते. सरकारी दवाखान्यात ती मोफत बसवतात. ही गोष्ट मेडिकलवाल्याने सांगायला हवी, पण सांगताना आम्ही अजून कुणाला ऐकलेले नाही.

गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यावी लागते. मळमळ, डोके दुखणे, थोडे डाग दिसणे हे होऊ शकते आणि आपोआप जाते. वजन खूप जास्त असेल तर गोळीचा असर कमी होऊ शकतो.

एका गोष्टीकडे मात्र नीट लक्ष द्यावे. टीबीच्या उपचारात रिफाम्पिसिन असते, आणि फिट्सच्या काही औषधांत फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन असते. ही औषधे चालू असतील तर शरीर गोळी लवकर जाळून टाकते आणि तिचा असर घटतो. टीबी आपल्या वस्त्यांना नवा नाही. कित्येक मुली सहा-सहा महिने ही औषधे घेतात आणि घराबाहेर त्याबद्दल बोलत नाहीत, कारण रिश्ते तुटतात. म्हणून "दुसरी कुठली गोळी चालू आहे का" हा प्रश्न साधा वाटला तरी महत्त्वाचा आहे. उत्तर हो असेल तर कॉपर-टीसाठी डॉक्टरकडे जाणे बरे.

काउंटरवर काय विचारावे, काय विचारू नये

फार्मासिस्ट हा दुकानदार नाही, तो आरोग्य सेवेतला माणूस आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सप्रमाणे रुग्णाला औषध समजावून सांगणे आणि त्याची माहिती गुप्त ठेवणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कामच आहे. पण काउंटरवर बहुतेक वेळा उभा असतो तो दहावी-बारावी झालेला पोरगा. म्हणून मुलींना आम्ही एक सांगतो: दुकानात गेल्यावर "फार्मासिस्ट आहेत का?" असे विचारायचे. हा प्रश्न कुठल्याही औषधासाठी विचारता येतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

विचारण्यासारखे प्रश्न थोडेच आहेत. किती तास झाले? शेवटची पाळी कधी आली, या वेळी लांबली आहे का? दुसरी औषधे चालू आहेत का? याच महिन्यात आधी घेतली आहे का? आणि आवाज खाली आणून, बाजूला घेऊन एक: "हे तुझ्या मर्जीने झाले ना, की कुणी जबरदस्ती केली?" या शेवटच्या प्रश्नावर आम्ही पुढे येणारच आहोत.

न विचारण्यासारखे पुष्कळ आहे. लग्न झाले का? कुणाची मुलगी? नवरा का नाही आला? आधार कार्ड? यातल्या एकाही उत्तराने औषध बदलत नाही. आमची विद्यार्थिनी निकाह झालेली होती हे ऐकून वाचकांना थोडे हलके वाटले असेल. पण काउंटरवर ते कुणाला माहीत नव्हते आणि माहीत असण्याची गरजही नव्हती. तिचा निकाह झालेला नसता तरी तासांचा हिशेब तोच राहिला असता.

गोळी स्वतः मुलीनेच आणली पाहिजे असेही नाही. अम्मी, मोठी बहीण, खाला, भाभी, नवरा, कुणीही आणू शकते. बोलायला जमत नसेल तर नाव कागदावर लिहून किंवा मोबाईलच्या स्क्रीनवर दाखवून मागावे. पाकिटावर लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ आणि गोळी एकच आहे हे बघावे, एक्सपायरी बघावी आणि बिल घ्यावे. पाच गोळ्यांचे ते पाकीट घेऊन आम्ही तिसऱ्या दुकानात परत गेलो होतो. मालकाने हात झटकले, हे आमच्याकडचे नाहीच म्हणाला. बिल नव्हते, आम्ही काय करणार?

दुकानात जायचेच नसेल तर आशाताईकडे विचारावे. घरपोच गर्भनिरोधके देण्याची योजना २०११ मध्ये सुरू झाली तेव्हा आशाताईकडे ही गोळी २ रुपयांना ठेवली होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात, सरकारी दवाखान्यातही ती असते. किशोरवयीन मुलांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याखाली काही सरकारी दवाखान्यांत वेगळी खोली असते. महाराष्ट्रात तिच्यावर 'मैत्री क्लिनिक' अशी पाटी दिसते. अडचण एवढीच की आशाताई बहुधा गल्लीतलीच असते, आणि गल्लीतल्या बाईला सांगण्यापेक्षा मुली तीन स्टेशन पलीकडचे अनोळखी मेडिकल पसंत करतात. त्यात त्यांची चूक आहे असे आम्हाला वाटत नाही.

आपल्या समाजात डी.फार्म., बी.फार्म. झालेली मुले-मुली आता पुष्कळ आहेत, कित्येकांची स्वतःची दुकाने आहेत. त्यांना एक विनंती. कंडोमची पाकिटे तुम्ही समोर टांगता आणि ही गोळी खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवता. राहू दे ड्रॉवरमध्ये. पण काउंटरच्या एका कडेला दोन माणसे हळू बोलू शकतील एवढी जागा ठेवा, आणि शक्य असेल तर संध्याकाळी एखादी बाई दुकानात असू द्या.

मुलगी अठराच्या आतली असेल तर

इथे गाठ अवघड आहे, म्हणून जरा थांबून वाचावे.

ही गोळी विकायला कायद्याने वयाची अट घातलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनाही वयामुळे ही गोळी नाकारू नये असे सांगते. पाळी सुरू झालेल्या कुठल्याही मुलीला ती चालते, आणि पुढे मूल होण्यावर तिचा परिणाम होत नाही. मात्र २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, आणि बालकाची 'मर्जी' कायदा मानत नाही. सतरा वर्षांची मुलगी आणि तिच्याच वयाचा मुलगा, दोघे राजीखुशीने, तरी कायद्याच्या नजरेत गुन्हा. याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, असा गुन्हा घडल्याचे ज्याला माहीत आहे त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवले पाहिजे. डॉक्टर, शिक्षक, शेजारी, मेडिकलवाला, सगळे यात आले. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

निकाह झालेला असला तरी सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये सांगितले की अठराखालच्या बायकोशी संबंध हा बलात्कारच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. सगळ्या समाजांतल्या मिळून. १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. म्हणजे हा प्रश्न फक्त कॉलेजच्या गेटवरचा नाही, सासरी नांदणाऱ्या मुलींचाही आहे.

मग मेडिकलवाल्याने काय करावे? गोळी मागायला आलेली मुलगी किती वर्षांची हे त्याला माहीत नसते, आणि नुसती गोळी मागितली यावरून गुन्हा झाला असे ठरत नाही. त्याने पोलीस व्हायचे नाही. गोळी रोखून धरायचे तर अजिबात कारण नाही. रोखून गुन्हा उलटत नाही, फक्त गर्भ राहतो. पण मुलगी लहान दिसते, घाबरलेली आहे, सोबतचा मोठा माणूस तिला बोलू देत नाही, किंवा तिने स्वतःच सांगितले की घरातल्या अमुक माणसाने हे केले, तर मग कळवणे टाळता येत नाही. गोळी आधी, आणि कळवणे त्याच्यासोबत. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर चोवीस तास चालू असतो, आणि पोलिसांसाठी ११२.

जबरदस्ती झालेल्या मुलीसाठी गोळी पुरेशी नाही हे घरच्यांनी लक्षात घ्यावे. तिला जखमांचे उपचार, एचआयव्ही आणि इतर संसर्ग टाळण्याची औषधे लागतात. एचआयव्हीचे औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. प्रत्येक दवाखान्याने, सरकारी असो की खाजगी, तिच्यावर मोफत उपचार केलेच पाहिजेत. "आधी एफआयआर आणा" असे म्हणता येत नाही. पॉक्सोच्या नियमांत तर स्पष्ट लिहिले आहे की वयात आलेल्या मुलीशी आणि तिच्या पालकांशी, किंवा तिचा विश्वास असलेल्या माणसाशी, गर्भधारणेची शक्यता आणि इमर्जन्सी गोळी याबद्दल बोलायला हवे. तिचे नाव बाहेर फोडणे हा गुन्हा आहे. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरसुद्धा.

कळवण्याच्या या सक्तीचा एक परिणाम असा झाला की राजीखुशीने चुकलेल्या मुली डॉक्टरकडे जायलाच घाबरू लागल्या. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखले. त्यात म्हटले की अठराखालच्या मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना खबर देताना तिचे नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. याच निकालाने अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत विवाहितेसारखाच हक्क दिला. अठराखालच्या मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते. अठरा पूर्ण झाले की फक्त तिची.

कोकणातली बरीच मुस्लिम कुटुंबे ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत, त्यांना तिकडची पद्धत ठाऊक असेल. तिथे २००१ पासून सोळा वर्षांवरच्यांना ही गोळी फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळते. सोळाच्या आतल्या मुलींसाठी वेगळी व्यवस्था आहे. १९८५ मध्ये व्हिक्टोरिया गिलिक या दहा मुलांच्या आईने लढवलेल्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की मुलीला सगळे नीट समजत असेल तर डॉक्टर पालकांना न सांगताही तिला गर्भनिरोधक देऊ शकतो. प्रशिक्षित फार्मासिस्ट आज हीच कसोटी लावतो: तिला समजते आहे का, तिला घरी सांगायला राजी करता येईल का, कुणी तिचा गैरफायदा घेत आहे का. मुलगी तेराच्या आतली असेल तर प्रकरण थेट बालसंरक्षणाकडे जाते. हे सगळे बोलणे दुकानातल्याच एका बंद खोलीत होते. त्यांचा कायदा आपल्याला लागू नाही, आणि पालकांना अंधारात ठेवणे आमच्या मनाला पटत नाही. पण ती खोली मात्र हवीशी वाटते.

दीनचा प्रश्न

आम्ही मुफ्ती नाही. फतवा हवा असेल तर तो त्यांच्याकडूनच घ्यावा. पण प्रश्न विचारण्याआधी माहिती बरोबर हवी, नाहीतर उत्तरही चुकीच्या गोष्टीचे मिळते. मौलानासाहेबांना "गर्भ पाडायची गोळी" असे सांगून विचारले तर ते गर्भपाताचा हुकूम सांगतील. त्यांना सांगावे की ही गोळी गर्भ राहण्याच्या आधी काम करते.

गर्भ राहण्याआधी तो टाळणे हा विषय आपल्या फिकहला नवा नाही. सहाबांच्या काळातल्या अझलबद्दलच्या हदीसा बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत आहेत, आणि बहुसंख्य फुकहांनी पती-पत्नीसाठी अझल जायज मानला आहे, बायकोच्या रजामंदीसारख्या अटींसह. गर्भपाताचा मसला वेगळा. तिथे १२० दिवसांची हद्द आणि तिच्या आधीचे मतभेद आहेत. पूर्वी या गोळीच्या माहितीपत्रकात "रुजू न देण्याची शक्यता" असे शब्द असत, त्यावरून काही लोक साशंक होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये तिकडच्या गोळीवरचा तो मजकूर बदलला: गोळी बीज बाहेर पडण्यावर काम करते, रुजण्यावर नाही.

"पण अशी गोळी सहज मिळू लागली तर मुली बिघडतील" हा सवाल आम्हाला पालकसभेत विचारला गेला आहे. बाहेरच्या देशांत मुलींना आधीच गोळी देऊन ठेवून पाहिले गेले. त्या अभ्यासांचा कोक्रेनने आढावा घेतला. गोळी हाताशी होती म्हणून संबंध वाढले नाहीत. आणि हेही खरे की नुसती घरात गोळी ठेवल्याने एकूण गर्भधारणाही कमी झाल्या नाहीत. म्हणजे ना ती घर बिघडवते, ना ती जादू आहे. झिना हराम आहे, हे मुलांना घरी, मदरशात, शाळेत सांगितलेच पाहिजे, आणि ती जबाबदारी मेडिकलवाल्याची नाही, आपली आहे. मात्र त्याच घरात मुलीला हेही माहीत हवे की काही विपरीत घडले तर पहिला फोन अम्मीला करायचा. आमच्याकडे आलेली मुलगी अम्मीकडे न जाता टीचरकडे आली. त्यात आम्हाला आनंद वाटला नाही.

नंतरचे तीन आठवडे

गोळी घेतली म्हणजे महिनाभर संरक्षण मिळाले असे नाही. तिने बीज पुढे ढकललेले असते, थांबवलेले नसते. त्यानंतर पुन्हा संबंध आला तर धोका उलट जास्त. विवाहित जोडप्याने त्या दिवसापासूनच कंडोम वापरावा आणि मग डॉक्टरला विचारून नियमित साधन ठरवावे. ही गोळी दर महिन्याला घ्यायची नाही. जिवाला धोका नसतो, पण पाळीचे वेळापत्रक विसकटते आणि नियमित साधनांइतका भरवसाही नाही. लैंगिक आजारांपासून तर ती अजिबात वाचवत नाही.

पुढची पाळी काही दिवस मागेपुढे होऊ शकते. सात दिवसांपेक्षा जास्त लांबली, किंवा गोळीला तीन आठवडे होऊन गेले, तर मेडिकलमधून लघवी तपासायची पट्टी आणून सकाळी पहिल्या लघवीवर चाचणी करावी. ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, चक्कर येत असेल तर चाचणीची वाट न बघता दवाखाना गाठावा; गर्भ नळीत राहिला असू शकतो. चाचणीत दिवस गेल्याचे निघाले तर घाबरून पाच गोळ्यांच्या पाकिटामागे धावू नये. आधी सोनोग्राफी, आधी डॉक्टर.

आमच्या विद्यार्थिनीची पाळी सहा दिवस उशिरा आली. त्या सहा दिवसांत तिचे चार फोन आले. पाचवा तिच्या अम्मीचा होता.